मंदावलेला संगणक : निदान, दुरुस्ती आणि घरखर्चातील बचत

खरिपाची पेरणी आटोपून पिके दोन-चार पानांवर आली, की खेड्यापाड्यांतील संगणकांवर कामाचा मोठा ताण पडतो. पीकविम्याचा अर्ज भरण्याची मुदत बहुधा जुलैअखेर असते. त्यासाठी सातबारा व आठ-अ उतारे काढावयाचे, बँक खात्याचा तपशील जोडावयाचा, पिकाचे क्षेत्र नोंदवावयाचे. नेमक्या याच दिवसांत घरातील किंवा ग्रामपंचायतीतील संगणक सुरू व्हावयास दहा-दहा मिनिटे लागतात, अर्धा अर्ज भरून होताच पडदा गोठतो, आणि यंत्र पुन्हा हलेपर्यंत संकेतस्थळाने दिलेली वेळ संपून सारा मजकूर नव्याने भरावा लागतो. मुदत हुकली तर त्या हंगामाचे विमासंरक्षण हुकते. मग कोणीतरी सल्ला देतो, की यंत्र जुने झाले, आता नवेच घ्यावे. नव्या संगणकाची किंमत मात्र एकरभर सोयाबीनच्या बी-खताच्या खर्चाहून कितीतरी अधिक असते.

हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो. पीक पिवळे पडले म्हणून जाणता शेतकरी लागलीच युरिया टाकीत नाही. पाणी साचले आहे काय, मुळे कुजली आहेत काय, लोहाची उणीव आहे काय, हे तो आधी पाहतो. संगणकाचेही तसेच आहे. सात-आठ वर्षांच्या यंत्राचा वेग कमी होतो तो त्याच्या अंगची शक्ती सरली म्हणून क्वचितच. त्यावर नको तो भार साठला आहे, त्यात धूळ बसली आहे, किंवा त्याचा एखादाच भाग इतरांच्या मागे पडला आहे, हीच कारणे अधिक आढळतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी स्वतः शिकून घेतल्यास गावातील अनेक कुटुंबांचा अनाठायी खर्च टळेल.

प्रथम निदान

विंडोज प्रणालीच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकाच वेळी दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्क या चार रकान्यांवर टक्केवारी दिसते. यंत्र सुरू करून पाच मिनिटे थांबावे, नेहमीचे एखादे काम उघडावे आणि या चार आकड्यांकडे लक्ष द्यावे.

डिस्कचा आकडा बराच वेळ शंभराच्या आसपास रेंगाळत असेल आणि मेमरीला वाव असेल, तर दोष हार्ड डिस्कचा समजावा. मेमरी नव्वदीच्या वर असेल, तर रॅम अपुरी पडत आहे. रॅम संपली की संगणक उरलेले सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो. त्यामुळे अशा वेळी दोन्ही आकडे एकदम चढलेले दिसतात. मात्र मूळ उणीव मेमरीचीच असते. प्रोसेसरचा आकडा काही काम नसताना चढलेला राहिला, तर यादीत सर्वांत वर कोणता कार्यक्रम आहे ते पाहावे.

चारही आकडे कमी आहेत आणि तरीही पान उघडत नाही, असेही घडते. अशा वेळी तेच पान मोबाइलवर उघडून पाहावे. तेथेही ते अडखळत असेल, तर दोष घरच्या यंत्रात नसून जोडणीत किंवा संकेतस्थळावरील गर्दीत आहे. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत हे हमखास होते आणि कितीही दुरुस्ती केली तरी त्यावर इलाज नाही. अर्ज आठवडाभर आधी, किंवा निदान पहाटे अथवा रात्री उशिरा भरणे एवढाच मार्ग उरतो. हे न ओळखता ऐन गर्दीत चालते यंत्र दुरुस्तीस पाठविणारी कुटुंबे पैसाही घालवितात आणि मुदतही.

बिनखर्ची उपाय

शेतात तण वाढले की खताचा वाटा तण खाते. संगणकातही मालकाने न पेरलेले पुष्कळ कार्यक्रम असतात. छपाई यंत्राबरोबर आलेले सहायक कार्यक्रम, संदेशांची देवाणघेवाण करणारी साधने, खेळ, एकदाच वापरून विसरलेली साधने ही सर्व यंत्र सुरू होताच आपोआप जागी होतात व मेमरी अडवून बसतात. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ या नावाचा विभाग आहे. त्यात जे नित्य लागत नाही ते ‘डिसेबल’ करावे. यामुळे कार्यक्रम नाहीसा होत नाही. तो फक्त आपण होऊन सुरू होत नाही, हवा तेव्हा उघडता येतो. विषाणुरोधक कार्यक्रम, बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राची सेवा व ध्वनीची सेवा यांना मात्र हात लावू नये. नाव ओळखीचे नसेल तर ते तसेच ठेवावे.

विषाणुरोधक कार्यक्रम दोन असले म्हणजे संरक्षण दुप्पट होते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात दोन्ही पहारेकरी प्रत्येक फाइल तपासू लागतात आणि यंत्र निम्मे त्यांच्यातच अडकते. विंडोज १० व ११ मध्ये मुळातच एक विषाणुरोधक येतो. तो चालू व अद्ययावत ठेवला तर सामान्य घरास दुसऱ्याची गरज पडत नाही. “एका क्लिकमध्ये वेग वाढवा” अशा जाहिरातींतून मिळणाऱ्या फुकट साधनांपासून दूरच राहावे. त्यांतील पुष्कळशी स्वतःच नवे तण असतात.

पुढील गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. विंडोज १० व ११ मध्ये ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र पूर्णपणे बंद होतेच असे नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून प्रणाली आपली बरीचशी अवस्था डिस्कवर जतन करून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलते. म्हणजे काल अडकलेला दोषही आज तसाच परत येतो. ‘रिस्टार्ट’ केल्यास मात्र सर्व नव्याने मांडले जाते. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, यंत्र ‘रिस्टार्ट’ करण्याची सवय ठेवावी.

डिस्कवर मोकळी जागा एकूण जागेच्या दहा ते पंधरा टक्के तरी असावी. ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’ व त्यातील ‘स्टोरेज’ येथे तात्पुरत्या फाइलींची यादी मिळते व त्या पुसता येतात. या यादीत ‘डाउनलोड्स’ हे नावही असते. बरीच मंडळी काढलेले सातबारे, पावत्या व विम्याच्या पोचपावत्या त्याच कप्प्यात राहू देतात. त्यापुढील खूण न पाहता ‘पुसा’ म्हटले, तर वर्षभराची कागदपत्रे नाहीशी होतात. म्हणून कागदपत्रे आधी वेगळ्या कप्प्यात हलवावीत.

ब्राउझरमध्ये एकाच वेळी वीस-पंचवीस पाने उघडी ठेवणे हेही मेमरी संपण्याचे मोठे कारण होय. कामापुरती चार पाने उघडी ठेवावीत. एखादे संकेतस्थळ “सूचना पाठविण्यास परवानगी द्या” असे विचारते, तेव्हा बहुतेक लोक पान पुढे सरकावे म्हणून होकार देतात, आणि मग दिवसभर कोपऱ्यात जाहिराती उगवत राहतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन या परवानग्या काढून टाकाव्यात.

तारीख विसरणारा संगणक

ज्या गावांत वीज वारंवार जाते तेथे एक विशिष्ट दोष आढळतो. सकाळी यंत्र सुरू केले की तारीख दहा-पंधरा वर्षे मागची दिसते, आणि बँकेचे किंवा शासनाचे कोणतेही संकेतस्थळ उघडताना “जोडणी सुरक्षित नाही” असा इशारा येतो. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठराविक तारखांपुरती वैध असतात. संगणकाच्या लेखी वर्षच चुकीचे असल्याने तो प्रत्येक प्रमाणपत्र अवैध ठरवितो. यावर संपूर्ण प्रणाली पुसून नव्याने बसविण्याचा सल्ला दिला गेल्याची उदाहरणे आहेत. वास्तविक, मुख्य पट्टीवर नाण्याच्या आकाराची एक तीन व्होल्टची बॅटरी असते, तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. यंत्राची वीज पूर्ण तोडलेली असताना घड्याळ तीच चालविते. काही वर्षांनी ती संपते. मनगटी घड्याळे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातही ती किरकोळ किमतीस मिळते. यंत्राचा प्लग काढून ती बदलावी, तारीख लावावी, काम संपले.

धूळ आणि उष्णता

प्रोसेसर फार तापला तर स्वतःला वाचविण्यासाठी तो आपणहून वेग कमी करतो. सकाळी नीट चालणारे यंत्र दुपारी मंदावते, पंख्याचा आवाज वाढतो, ही त्याची लक्षणे. तूर-सोयाबीनच्या मळणीची धूळ, चुलीचा धूर, कापसाचे तंतू हे सारे पंख्याच्या मागील धातूच्या पात्यांत जाऊन बसते. काही दिवसांनी तेथे नमद्यासारखा थर तयार होतो आणि हवा जाईनाशी होते.

वर्षातून दोनदा, मळणी संपल्यावर व पावसाळ्यापूर्वी, पेटी उघडून साफ करावी. प्लग काढून, पेटीचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशने धूळ सैल करावी व हाताच्या ब्लोअरने दुरून उडवावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे; तो वाऱ्याने भरधाव फिरला तर बिघडू शकतो. टायरच्या दुकानातील हवा वापरू नये, तिच्यात पाण्याचे कण असतात व दाबही अवाजवी असतो. ओले फडके तर मुळीच नको. वीजपुरवठ्याची आतील बंद पेटी घरी उघडू नये. पाठीमागील रिकाम्या फटी पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद कराव्यात. पाल, झुरळ व उंदीर याच वाटेने उबेला येतात आणि त्यांच्यामुळे झालेले नुकसान कोणत्याही हमीत बसत नाही.

पेटी भिंतीपासून चार बोटे तरी दूर, जमिनीपासून उंच ठेवावी. लॅपटॉप गोधडीवर वा उशीवर ठेवून चालविल्यास खालची हवा कोंडते. खाली साधी फळी ठेवावी. पेटीच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर घराचे अर्थिंग बिघडले आहे. वेगाचा विचार बाजूस ठेवून आधी तारतंत्र्याकडून ते दुरुस्त करून घ्यावे.

खर्च करावयाचा तर कोठे

एवढे करूनही डिस्कचा आकडा शंभरावर अडत असेल, तर खर्चाची खरी जागा तीच. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, बहुधा मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे, आणि एक सुई तिच्यावरून माहिती वाचते. ७,२०० फेऱ्यांच्या तबकडीचा एक फेरा आठ सहस्रांश सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेतो. सुईने योग्य जागी सरकावे, तबकडीचा तो भाग तिच्याखाली यावा, मग वाचन व्हावे. त्यामुळे ठिकठिकाणी विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचने होतात. प्रणाली सुरू होताना मात्र तिला हजारो लहान फाइली लागतात. एसएसडी या नव्या साठवण-साधनात फिरणारा भागच नसतो; तेथे हीच वाचने सेकंदाला हजारोंनी होतात. बाकी यंत्र तेच ठेवून केवळ डिस्क बदलली, तरी पाच मिनिटांची वाट बहुधा अर्ध्या मिनिटावर येते. प्रणाली व घरची कागदपत्रे यांस साधारणपणे २५६ जीबीची एसएसडी पुरते. घेताना जोडणीचा प्रकार कारागिराकडून पाहून घ्यावा. हार्ड डिस्कसाठी अधूनमधून केली जाणारी ‘डीफ्रॅगमेंट’ ही क्रिया एसएसडीवर हाताने करू नये; तिचा लाभ नाही आणि साधन विनाकारण झिजते.

रॅम ४ जीबी असल्यास ती ८ जीबी करणे लाभदायक ठरते. डीडीआर ३ व डीडीआर ४ या प्रकारांच्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, म्हणून जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्यावी. प्रणाली ३२ बिटची असेल तर ४ जीबीपेक्षा अधिक रॅम तिला वापरताच येत नाही; अशा यंत्रात आधी ६४ बिटची प्रणाली बसवावी लागते. दोन्हींपैकी एकाच गोष्टीस पैसे असतील, तर टास्क मॅनेजरमध्ये जो आकडा आधी चढतो त्याप्रमाणे निवड करावी.

डिस्क बदलण्यापूर्वी सर्व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या साधनावर घ्यावी. जुनी डिस्क टिक-टिक आवाज करीत असेल तर विलंब करू नये, कारण ती लवकरच बंद पडण्याचा तो इशारा असतो. प्रत घेताना मराठी टंकांचीही, म्हणजे फाँटांचीही, आठवण ठेवावी. अनेक सहकारी संस्था, पाणीवापर संस्था व ग्रामपंचायती यांचे पूर्वीचे ठराव व याद्या श्री-लिपी, आकृती किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेल्या आहेत. प्रणाली नव्याने बसविली आणि ते टंक नसले, तर तोच मजकूर इंग्रजी अक्षरांच्या अर्थहीन ओळींसारखा दिसू लागतो. फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकल्याने सभासदांच्या याद्या कायमच्या गमावण्याचा धोका असतो. टंक पुन्हा बसविताच मजकूर जसाच्या तसा दिसतो. नवे लिखाण युनिकोडमध्ये करावे, म्हणजे हा प्रश्न पुढे राहणार नाही.

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव दुरुस्तीची जी सोय जाहीर झाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच होती. यंत्र त्यानंतरही चालते. परंतु दुरुस्ती न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे इष्ट नव्हे. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर पुष्कळदा बसत नाही. अशा ठिकाणी लिनक्सची विनामूल्य प्रणाली बसवून ब्राउझर, पत्रलेखन व मुलांचा अभ्यास ही कामे चांगली होतात. डिजिटल स्वाक्षरीची कळ व ठसा घेणारे यंत्र तेथे चालेलच असे नाही. म्हणून सेवा केंद्राच्या यंत्रावर हा प्रयोग करण्यापूर्वी ही साधने तपासून पाहावीत.

विजेचा हिशेब

वेगाच्या तक्रारीपायी आणखी एक नुकसान होते. सुरू व्हावयास वेळ लागतो म्हणून यंत्र सकाळी एकदा लावले की रात्रीपर्यंत तसेच चालू ठेवले जाते. पेटी व पडदा मिळून १०० वॅट वीज घेतात असे धरले, तर सकाळी आठ ते रात्री दहा या चौदा तासांत १.४ युनिट, म्हणजे तीस दिवसांत ४२ युनिट जातात. प्रत्यक्ष काम तीनच तासांचे असेल, तर त्याला ९ युनिट पुरेत. उरलेले ३३ युनिट केवळ वाट पाहण्यात गेले. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १०० युनिटांच्या वरील युनिटांस चढा दर लागतो, त्यामुळे जे कुटुंब या सीमेच्या आसपास आहे त्यास ही बचत दराच्या वरच्या टप्प्यातूनच होते.

आपले यंत्र नेमकी किती वीज घेते, हे घरच्या मीटरवरच मोजता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटास किती लुकलुक, तो आकडा छापलेला असतो. समजा तो ३,२०० आहे. घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करून केवळ संगणक चालू ठेवावा व पंधरा मिनिटांतील लुकलुक मोजावी. ती ८० भरली, तर तासास ३२० होतात, म्हणजे एक दशांश युनिट. अर्थात यंत्र १०० वॅटचे. मीटरवरील आकडा वेगळा असल्यास त्याप्रमाणे भागाकार करावा. शाळकरी मुलांकडून हे मोजून घ्यावे, त्यांनाही त्यात रस वाटतो. इंटरनेटची पेटी अवघी १० वॅट घेत असली, तरी ती रात्रंदिवस चालू असल्याने महिन्यास ७.२ युनिट खाते. निजताना तिचे बटण बंद करावे.

पडद्यावर हलती चित्रे दाखविणाऱ्या स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही. जुन्या काचेच्या पडद्यांवर एकाच चित्राचा डाग उमटू नये म्हणून तो निघाला होता. त्याऐवजी पाच मिनिटांनी पडदा बंद व्हावा आणि पंधरा मिनिटांनी यंत्र निद्रावस्थेत जावे, अशी योजना ‘पॉवर’च्या सेटिंग्जमध्ये करावी. वीज अचानक जाणाऱ्या गावात उठण्यापूर्वी काम जतन करावे. यूपीएस असल्यास त्यावर पेटी व पडदा एवढेच जोडावे. लेझर छपाई यंत्र कागद तापविताना एकदम शेकडो वॅट ओढते व लहान यूपीएसला ते झेपत नाही.

डेटा आणि कागद

खेड्यांतील पुष्कळ संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतात. संगणकास हे ठाऊक नसते. तो मोठमोठी अद्यतने उतरवून घेतो आणि दुपारपर्यंत दिवसाचा डेटा संपतो. त्या जोडणीच्या सेटिंग्जमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावे. मग मोठी अद्यतने थांबून राहतात. ती महिन्यातून एकदा, चांगली जोडणी असलेल्या ठिकाणी, आठवणीने पूर्ण करून घ्यावीत.

शाई उडविणारे छपाई यंत्र दर वेळी सुरू होताना तोंड साफ करण्यासाठी थोडी शाई खर्च करते, आणि फार दिवस न वापरल्यास शाई वाळून तोंड बंद होते. महिन्यास पाच-सात पाने छापणाऱ्या घराने स्वतःचे छपाई यंत्र न घेणेच बरे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पीडीएफ स्वरूपात जपून ठेवावा व मागणी असेल तेथेच छापावा.

काढून ठेवलेली जुनी हार्ड डिस्क चांगली असेल, तर बाहेरच्या डबीत बसवून तीवर कागदपत्रांची दुसरी प्रत ठेवता येते. निकामी डिस्क मात्र भंगारवाल्यास तशीच देऊ नये. तीत घरातील सर्वांच्या आधारच्या व बँक पासबुकांच्या प्रती असतात. चालू स्थितीत असेल तर आधी ती पूर्णपणे पुसावी, बंद पडली असेल तर तबकडीस भोके पाडून निरुपयोगी करावी, आणि मग जुना पडदा व यूपीएसची बॅटरी यांसह नोंदणीकृत संकलकाकडे द्यावी. काचेच्या जुन्या पडद्यात व त्या बॅटरीत शिसे असते. ही दोन्ही विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर टाकू नयेत.